तंदुरी चिकन : मुरवणे म्हणजे शिजवणे नव्हे

चिकनला दही, मीठ, हळद, तिखट आणि आले-लसूण लावून ठेवले की ते निम्मे शिजलेच, असे अनेकांना वाटते. दह्या-लिंबाच्या आंबटपणाने त्यातले जंतू मरतात, असेही पेशंट मला सांगतात. हा समज कसा चुकीचा आहे हे कळण्यासाठी या पदार्थाचा इतिहास पाहू या.

तंदूर आपल्याकडे फार जुना आहे. राजस्थानात कालीबंगा येथे हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात तंदुरासारख्या भट्ट्या सापडल्या आहेत. पुढे पंजाबातील गावांत सामायिक तंदूर असत, पण त्यांत मुख्यतः रोट्या भाजल्या जात. आजचे तंदुरी चिकन नावारूपाला आले ते पेशावरच्या 'मोती महल' या हॉटेलामुळे. तिथले कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी फाळणीनंतर दिल्लीला आले. १९४७ साली दर्यागंज भागात त्याच नावाचे हॉटेल सुरू झाले आणि तिथून हा पदार्थ देशभर पोहोचला.

त्या पद्धतीत जंतू मारायचे काम मसाल्याकडे नव्हतेच, ते आगीकडे होते. तापलेल्या तंदुरात तापमान ४०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इतक्या आचेत मांस कोरडे पडू नये म्हणून दही-मीठ लागते. मीठ मांसातले पाणी धरून ठेवते आणि दह्यातले लॅक्टिक अॅसिड वरचा थर मऊ करते. पण आंबटपणा मांसात काही मिलिमीटरच शिरतो, म्हणून तर चिकनला चिरा देतात. सगळे जंतू त्याने मरत नाहीत.

घरी मात्र तंदूर नसतो. आपल्याकडे असतो गॅसवरचा तवा, नाहीतर जेमतेम २५० अंशांपर्यंत जाणारा ओव्हन. फ्रिजही तसा अलीकडचाच. गोदरेजने पहिला भारतीय फ्रिज बनवला तो १९५८ साली. आता चिकन आदल्या रात्रीच मुरवता येते, पण ते ओट्यावरच राहिले तर उन्हाळ्यात जंतूंची वाढ झपाट्याने होते.

हे जंतू ओळखीचे व्हायलाही वेळ लागला. साल्मोनेला कुळातला जंतू १८८५ मध्ये अमेरिकेत डॅनियल सॅल्मन यांच्या प्रयोगशाळेत थिओबाल्ड स्मिथ यांनी वेगळा केला. कॅम्पिलोबॅक्टरमुळे माणसांना वारंवार जुलाब होतात, हे इंग्लंडमधील डॉ. मार्टिन स्किरो यांनी १९७७ मध्ये ठळकपणे दाखवले. कच्च्या चिकनमध्ये हे दोन्ही असू शकतात. बहुतेकांना ताप, पोटदुखी आणि जुलाब होऊन काही दिवसांत बरे वाटते. पण लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांचा आजार गंभीर होऊ शकतो. कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित गिया-बारे सिंड्रोम होऊन हातापायांतली ताकदही जाते.

म्हणून घरी करताना एवढे पाळा :

१. चिकन झाकून फ्रिजमध्येच मुरवा आणि दोन दिवसांच्या आत शिजवा.
२. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.
३. फ्रीझरमधले चिकन आतपर्यंत सुटल्याशिवाय भाजायला घेऊ नका.
४. उरलेला कच्चा मसाला भाजलेल्या तुकड्यांवर लावू नका. कच्च्या चिकनचे ताट आणि सुरी साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका.
५. रंगावर विसंबू नका. तिखटाच्या किंवा खायच्या रंगाच्या लालीत हाडाजवळचा कच्चेपणा लपतो. सर्वात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस तापमान आले पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहा. मांस काचेसारखे दिसले किंवा गुलाबी पाणी आले, तर परत आचेवर ठेवा.

चिकन खाल्ल्यावर जुलाबात रक्त दिसले, खूप ताप आला, लघवी कमी झाली किंवा पायांत अशक्तपणा जाणवला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. बाकी, दही-मसाल्याची ही पद्धत उत्तम आहे, ती जरूर वापरा. फक्त तंदुराची आच जे काम करत असे, ते आपल्या घरात नीट होते आहे ना, एवढे पाहा.