बिनतारी संभाषणाची वाट

‘बिनतारी’ हा शब्द मोठा फसवा आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर, सुरतेपासून थोड्याच अंतरावर चलथाण हे गाव लागते. तेथील साखर कारखाना आणि आसपासच्या कापड गिरण्या यांमुळे खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेला मराठी माणूस त्या परिसरात नित्य आढळतो. पाळी संपवून तो नंदुरबारकडील आपल्या घरी मोबाइलवर बोलू लागला, की त्याचा आवाज आकाशमार्गे थेट घरी पोचतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. या प्रवासात हवेतून होतात ते बहुधा पहिला आणि शेवटचा असे दोनच टप्पे. मधली लांबलचक वाट मुख्यतः जमिनीखालून, केसासारख्या बारीक काचतंतूंतून जाते.

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. पुढे कित्येक दशके परगावी बोलावयाचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तिष्ठत बसणे आले. तारेवाचून बोलण्यात अडचण होती ती लहरींच्या तुटपुंजेपणाची. १९४६ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरात मोटारीतून दूरध्वनी करण्याची सोय झाली. परंतु एका वेळी मोजक्याच लोकांना बोलता येई. यावर १९४७ साली बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी तोडगा सुचविला. एका प्रबळ केंद्राऐवजी लहानलहान क्षेत्रांची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना करावी आणि प्रत्येक क्षेत्रासाठी अल्प शक्तीचे केंद्र ठेवावे, अशी ती कल्पना. शेजारशेजारच्या दोन देवळांत एकाच वेळी भजन चालले तर गोंधळ होतो. पण चार गावे सोडून कोणी तोच अभंग म्हटला तर कोणाचे काय बिघडते? त्याचप्रमाणे एकच लहर दूरदूरच्या क्षेत्रांत पुनःपुन्हा वापरता येते. सारी मोबाइल व्यवस्था या साध्या विचारावर उभी राहिली.

आता चलथाणच्या त्या कामगाराचा आवाज कसा जातो ते पाहू. नेहमीच्या पद्धतीत यंत्र त्या आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेते, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा आकड्यांत संक्षेपाने मांडते. हे आकडे लहरींवरून जवळच्या टॉवरकडे व तेथून केंद्राकडे जातात. नंदुरबारचा फोन या घटकेस कोणत्या भागात आहे, याची नोंद केंद्रास मिळते. कारण प्रत्येक चालू फोन आपला ठावठिकाणा अधूनमधून कळवीत असतो. मग त्या भागातील टॉवर हाक देतात आणि घरी घंटा वाजते. बोलणारा आगगाडीत असला, तर एक टॉवर त्याला पुढच्याच्या हवाली करतो; संभाषण सहसा तुटत नाही.

छायाचित्र किंवा पत्र पाठविताना त्याची लहान पुडकी बांधली जातात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो, वाटा वेगळ्या असू शकतात आणि मुक्कामी ती पुन्हा क्रमाने जुळविली जातात. चौथ्या पिढीच्या जाळ्यात आवाजही अशाच पुडक्यांतून जाऊ लागला.

भारतात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीतील सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी दर गरिबाच्या आवाक्याबाहेरचे होते आणि आलेला फोन घेणाऱ्यासही पैसे मोजावे लागत. १ मे २००३ पासून ही आकारणी थांबली. श्रमिकाच्या दृष्टीने हा दिवस मोलाचा होय. खिशात दमडी नसली तरी घरची हाक त्याला ऐकता येऊ लागली.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीच्या सेवेचा आरंभ झाला. तथापि संभाषणास दोन टोके असतात. चलथाणला टॉवर कितीही असोत, पलीकडचा पाडा सातपुड्याच्या डोंगराआड असेल आणि तेथवर लहर पोचत नसेल, तर कामगाराच्या हातातले यंत्र मुकेच राहते. जाळ्याचे सामर्थ्य मोजावयाचे ते शहरातील वेगावरून नव्हे, तर त्या शेवटच्या पाड्यावर घंटा वाजते की नाही, यावरूनच.