अडलेल्या श्वासाचा शोध : निद्रा-श्वासरोधाचे निदान कसे होते?

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, अशी समजूत घरोघरी आढळते. पण घोरणे मध्येच थांबते, खोलीत काही क्षण शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन ते पुन्हा सुरू होते, तेव्हा ती झोप गाढ नसते. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग उघडतो. सकाळी रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. त्यामुळे ‘स्लीप अ‍ॅप्निया’ अर्थात निद्रा-श्वासरोध या विकाराचा पहिला साक्षीदार बहुधा शेजारी झोपणारी व्यक्ती असते. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत नेणे, किंवा मोबाईलवर दोन-चार मिनिटांचे चित्रण नेणे, फार उपयोगी पडते.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये तयार केलेल्या ‘एपवर्थ’ प्रश्नावलीत आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर शांत बसले असता डुलकी लागण्याची शक्यता किती, असे. प्रत्येकास शून्य ते तीन गुण. एकूण गुण 24 पैकी दहाहून अधिक झाल्यास दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजली जाते. ‘स्टॉप-बँग’ ही दुसरी प्रश्नावली घोरणे, थकवा, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर यांची विचारपूस करते. मात्र प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. डिचोलीतला खनिजवाहू ट्रकचालक किंवा माडावर चढणारा पाडेली, पोट त्या कामावर असल्याने, आपल्याला झोप येते हे सहसा कबूल करणार नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर घोरण्यापेक्षा थकवा, निद्रानाश व सकाळची डोकेदुखी याच तक्रारी पुढे येतात आणि त्यांचे खापर रजोनिवृत्तीवर फुटते.

खात्रीचे निदान रात्रीच्या नोंदीवरूनच होते. ‘पॉलिसोम्नोग्राफी’ या चाचणीसाठी रुग्ण एक रात्र निद्रा-प्रयोगशाळेत झोपतो. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, हृदयाचे ठोके, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल आणि प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद रात्रभर होते. हवा थांबली पण छाती-पोटाची धडपड चालू असेल, तर अडथळा घशात आहे. धडपडही थांबली असेल, तर मेंदूकडून आदेशच येत नाही, असा अर्थ निघतो. या दोन प्रकारांचे उपचार वेगळे आहेत.

तेरेखोलसारख्या गावाला मात्र ही एक रात्रही दूरची वाटते. नदीच्या उत्तर तीरावरचे हे गाव पेडण्याच्या उर्वरित भागापासून पाण्याने तुटलेले आहे. केरीची फेरीबोट घ्यावी, नाहीतर सिंधुदुर्गातून वळसा घालून किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून यावे. अशा ठिकाणी घरच्या घरी होणारी चाचणी सोयीची. बोटाला प्राणवायूमापक, नाकाखाली नळी, छातीला पट्टा एवढेच साहित्य लावून रुग्ण स्वतःच्या अंथरुणावर झोपतो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 35 ते 65 वयाच्या 250 पुरुषांची झोप अशी घरीच तपासली होती. झोपेतील श्वसनविकाराचे अंदाजे प्रमाण 19.5 टक्के, तर त्यासोबत दिवसाची अतिझोपही असणाऱ्यांचे 7.5 टक्के निघाले. कोविडकाळात अनेकांनी घेतलेला प्राणवायूमापक दिवसा बोटाला लावून पाहणे मात्र निरर्थक आहे. जागेपणी आकडा बहुधा सर्वसाधारणच येतो.

अहवालातील कळीचा आकडा म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला वा लक्षणीय घटला. प्रौढांमध्ये किमान दहा सेकंदांचा खंड मोजला जातो. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीस व त्यापुढे तीव्र. पंधराच्या आत असल्यास लक्षणे किंवा रक्तदाबासारखे संबंधित आजारही पाहिले जातात.

घरच्या चाचणीची उणीव याच आकड्यात दडलेली आहे. साधे यंत्र झोप मोजत नाही, फक्त नोंदीचा काळ मोजते. सहा तासांच्या झोपेत 36 वेळा श्वास अडला, तर प्रमाण तासाला सहा. पण रुग्ण दोन तास जागाच पडून राहिला असेल, तर यंत्र आठ तासांनी भागून साडेचार दाखवेल. विकार असूनही अहवाल निर्दोष! म्हणून लक्षणे ठळक असताना घरच्या चाचणीत काही सापडले नाही, तर प्रयोगशाळेतली चाचणी करावीच लागते. हृदयाची गंभीर दुर्बलता, पक्षाघात, फुप्फुसाचा तीव्र आजार किंवा अफूजन्य वेदनाशामकांचा नियमित वापर असल्यास तर पहिल्यापासूनच प्रयोगशाळेचा मार्ग धरला जातो.

चाचणीच्या दिवशी दुपारी झोपू नये, दुपारनंतर चहा-कॉफी व मद्य टाळावे. नेहमीची औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. विकार तीव्र आढळल्यास काही प्रयोगशाळा त्याच रात्रीच्या उत्तरार्धात ‘सीपॅप’ मुखवटा लावून हवेचा योग्य दाब ठरवतात, त्यामुळे दूरवरून आलेल्या रुग्णाचा दुसरा फेरा वाचतो.