टीबी, खुराक आणि मद्रासचा तो निकाल

मोठी पोस्ट आहे. निवांत वाचा, पण पूर्ण वाचा. आपल्या तालुक्याशी याचा थेट संबंध आहे.

घरात कुणाला टीबी निघाला की जुनी माणसं पहिली गोष्ट खुराकाची काढायची. दूध, अंडी, शेंगदाणे, जमलं तर तूप. "गोळ्या गरम पडतात, अंगात ताकद पाहिजे," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. सरकारी दवाखान्यात मात्र वर्षानुवर्षं वेगळंच सांगितलं जायचं. घरचं साधं जेवण चालेल, गोळ्या चुकवू नका, एवढंच. मग आजी खरी की डॉक्टर खरा? याचं नीट उत्तर मिळायला १९५९ पासून २०२३ पर्यंत वाट बघावी लागली. हे उत्तर आलं आपल्याच देशातून, पण आपल्या पेपरांत ते आतल्या पानावर दोन कॉलमांत संपलं. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

सुरुवात थोडी मागून करतो. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्ये बर्लिनला जाहीर केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात याच आजाराने गेल्या. वय २१. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या बाईला वाचवायला जगात औषधच नव्हतं. जंतू माहीत होता, इलाज नव्हता, आणि ही अवस्था पुढे साठेक वर्षं टिकली. तोवर श्रीमंतांना हवापालट आणि सॅनेटोरियम. पाचगणी आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीला महिनोन्‌महिने राहायचं, मोकळी हवा घ्यायची, पोटभर चांगलं खायचं. आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या शेतमजुराने पाचगणीचं फक्त नाव ऐकलेलं असायचं.

मग औषधं आली. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, पाठोपाठ पास, आणि १९५२ मध्ये आयसोनायझिड. ही शेवटची गोळी स्वस्त आणि तोंडाने घ्यायची. त्याच काळात, १९५५ ते १९५८ या वर्षांत, देशभर टीबीची पहिली मोठी पाहणी झाली. त्यात निघालं की टीबी शहरांइतकाच खेड्यांतही आहे. तोवर हा गिरण्यांचा, चाळींचा, कोंदट खोल्यांचा आजार समजला जायचा. आता आकडा बघितल्यावर सरकारला घाम फुटला. रुग्ण लाखांत आणि टीबीच्या खाटा हजारांत. सगळ्यांना सॅनेटोरियम देणं म्हणजे पुढची शंभर वर्षं नुसती बांधकामंच करत बसणं.

इथे मद्रास येतं. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद या चौघांनी मिळून तिथे एक केंद्र उघडलं. प्रमुख होते वॉलेस फॉक्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर. त्यांनी मद्रास शहरातले १९३ गरीब रुग्ण घेतले आणि अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये. पलंग, आराम, भरपूर हवा, सकस जेवण. दुसरा गट आपापल्या घरी, त्याच दाटीत, त्याच अपुऱ्या जेवणावर, बरेच जण काम करत करत. गोळ्या दोघांना सारख्याच.

निकाल १९५९ मध्ये छापून आला आणि जगातल्या टीबीच्या डॉक्टरांनी डोळे चोळून वाचला. वर्षाअखेर आजार शांत झालेले रुग्ण सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के, घरी ८६ टक्के. म्हणजे फरक किरकोळ. पुढची पाच वर्षं घरच्यांवर लक्ष ठेवलं, तर घरी उपचार घेतलेल्यांमुळे कुटुंबात जास्त लागण झाल्याचंही दिसलं नाही. याचा परिणाम भारतापुरता राहिला नाही. श्रीमंत देशांतली सॅनेटोरियमं एकामागून एक बंद पडत गेली, त्यामागे औषधं तर होतीच, पण हा मद्रासचा अभ्यासही होता. गरिबाला घर, रोजगार न सोडता बरं होता येतं हे सिद्ध झालं. याने किती संसार वाचले असतील, मोजदाद नाही. या अभ्यासाबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पण त्या निकालाचा लोकांनी अर्थ काय काढला? 'खाण्यापिण्याचा टीबीशी फारसा संबंध नाही.'

आता नीट बघा. मद्रासने प्रश्न काय विचारला होता? औषध चालू असलेल्या माणसाची थुंकी घरी राहूनही साफ होते का? उत्तर आलं, होते. पण निरोगी माणसाला टीबी होतोच का, कुणाला होतो, अगदी खंगलेला रुग्ण उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत का दगावतो, बरा झाल्यावर कोयता उचलायची ताकद अंगात येते का, हे प्रश्न तिथे नव्हतेच. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन घरच्यांपेक्षा जास्त वाढलं होतं, हेही त्या अहवालात आहे. पण खाटा नाहीत, पैसा नाही अशा देशाला त्यातलं सोयीचं वाक्य हवं होतं आणि ते मिळालं. सरकारी खाक्या तुम्हाला माहीत आहेच. 'गरज सिद्ध झालेली नाही' असा कागद एकदा फायलीला लागला की त्या शीर्षाखाली पुढे रुपया पडत नाही.

तरी त्या काळातल्या लोकांनी जमिनीवरचं वास्तव बघितलं नव्हतं असं नाही. बंगळूरला १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तिथले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन टीबीच्या रुग्णांशी बोलून १९६३ मध्ये एक अभ्यास छापला. तोवर साहेब लोकांचा समज असा की खेडूत अडाणी, दवाखान्यात येतच नाही. निघालं उलटंच. निम्म्याहून जास्त रुग्ण आधीच दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. साठ वर्षं झाली, पण दोन आठवडे खोकला असलेल्या माणसाला आजही आधी खोकल्याचं औषध आणि मग महिन्याभराने थुंकीची तपासणी, हे मी बातमीसाठी फिरताना इतक्यांदा ऐकलंय की त्याची बातमी होत नाही. आता तर तपासणीचं यंत्रही घरचं आहे. 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारं यंत्र गोव्याच्या कंपनीने बनवलं आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. यंत्र तालुक्याला पोचलं तरी थुंकीचा नमुना गावातून त्याच्यापर्यंत पोचावा लागतो.

असो, खुराकाकडे परत येतो. १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम, मग १९९७ पासून डॉट्स, २००६ पर्यंत ते देशभर. या सगळ्यात गोळ्यांची व्यवस्था सुधारत गेली. समोर बसवून गोळी द्यायची कल्पनाही मूळ मद्रासच्याच कामातली. रुग्णाचं वजन तेव्हाही व्हायचं, आताही होतं. आता ते मुख्यतः गोळ्या किती द्यायच्या हे ठरवायला. ते वजन इतकं कमी का आहे, हा प्रश्न कार्डावर नाही.

तो प्रश्न विचारला छत्तीसगडमधल्या गनियारीला. बिलासपूरजवळच्या या गावात जनस्वास्थ्य सहयोग नावाचा डॉक्टरांचा गट काम करतो. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव हे दांपत्य तिथलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १,६९५ रुग्णांच्या नोंदी काढून २०१३ मध्ये छापल्या. उपचार सुरू होताना पुरुषाचं मधलं वजन ४२ किलो आणि बाईचं ३४ किलो. मोठ्या बाईचं वजन ३४ किलो! आपल्याकडे ११-१२ वर्षांच्या मुलीचं असतं तेवढं. आणि जितकं वजन कमी तितका मृत्यूचा धोका जास्त.

इथे नेहमीचा आक्षेप येतो की टीबीमुळेच माणूस वाळतो, मग वाळल्यामुळे टीबी कसा? दोन्ही खरं आहे, आणि गुंता तिथेच आहे. जंतू जगातल्या साधारण चौथा हिस्सा लोकांच्या शरीरात शिरलेला असतो. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, शरीर त्याला कोंडून ठेवतं. उपासमारीत ही पहारा देणारी प्रतिकारशक्तीच ढिली पडते आणि झोपलेला जंतू उठतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत एकाच छावणीतल्या ज्या ब्रिटिश कैद्यांना रेडक्रॉसची खाण्याची पाकिटं मिळत होती त्यांच्यात टीबी थोडा, आणि ज्या रशियन कैद्यांना ती मिळत नव्हती त्यांच्यात कितीतरी जास्त, असं तेव्हाच नोंदलं गेलं होतं. पण 'नोंदलं गेलं' आणि 'चाचणी घेऊन सिद्ध झालं' यात फरक असतो.

ती चाचणी झाली झारखंडमध्ये, २०१९ ते २०२२. नाव 'रेशन्स'. भार्गव दांपत्य पुढे, आणि सोबत चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. ही संस्था म्हणजे १९५६ चं ते मद्रासचं केंद्रच, नाव बदललेलं. ज्या घरातून अर्धं उत्तर गेलं होतं, त्याच घराने उरलेला अर्धा प्रश्न हातात घेतला. मला या सगळ्या गोष्टीत हे सर्वांत आवडलं.

चार जिल्हे, २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. सगळ्या रुग्णांना महिन्याला १० किलोची टोपली दिली, त्यात तांदूळ, सत्तू, दूध पावडर, तेल. गंमत घरच्यांची आहे. अर्ध्या भागात घरच्यांना वेगळं काही नाही. उरलेल्या अर्ध्या भागात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सहा महिने. मध्येच कोरोनाची टाळेबंदी आली, तरी वाटप चालू ठेवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल 'लॅन्सेट'मध्ये आला. धान्य न मिळालेल्या ४,७२४ घरच्यांपैकी १२२ जणांना टीबी झाला. धान्य मिळालेल्या ५,६२१ पैकी ९६ जणांना. सगळा हिशेब लावून टीबीत ३९ टक्के घट, आणि थुंकीतून संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीत ४८ टक्के. रुग्णांच्या बाजूने बघाल तर पाचांपैकी चार जण कुपोषित होते, आणि ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला.

मोठ्या माणसांच्या टीबीला रोखणारी खात्रीची लस आज बाजारात नाही. बीसीजी लहान मुलांचं संरक्षण करते, पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीला ती थोपवत नाही, हे तमिळनाडूतल्याच चेंगलपट्टूच्या प्रचंड चाचणीत दिसलं होतं. आणि इथे तांदूळ आणि दीड किलो डाळ जवळपास निम्मं काम करून जाते.

आता आपल्या दारात. देशात आजही जगातले साधारण चौथा हिस्सा टीबी रुग्ण आहेत. २०२५ पर्यंत टीबी संपवायची घोषणा होती. २०१५ ला लाखात २३७ नवे रुग्ण होते, २०२३ ला १९५. उतरला, संपला नाही. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. वाढ चांगलीच आहे, पण भागिले तीस करा, दिवसाला ३३ रुपये. आणि पैसे रुग्णाच्या खात्यात. घरच्यांचं काय? निक्षय मित्रांनी, म्हणजे दानशूर लोकांनी, घरच्यांनाही टोपली द्यावी असं आवाहन आहे. आवाहन म्हणजे हक्क नव्हे. शेजारच्या शहरात उद्योजक सापडतात, आपल्या तालुक्यात मित्र कोण होणार, मुकादम?

आपला तालुका ऊसतोडीचा. दिवाळी झाली की टोळ्या जातात, उन्हाळ्यात परततात. टीबीचा कोर्सही सहा महिन्यांचा. मागच्या हंगामात एक जोडी भेटली, नावं लिहीत नाही. नवऱ्याला तोडीच्या तोंडावर टीबी निघाला, पण उचल घेतलेली, जाणं भाग. गोळ्या फडाजवळच्या आरोग्य केंद्रातून मिळाल्या, ती नोंद नीट पुढे गेली. पैसे मात्र खात्याच्या आधारच्या भानगडीत अडकले आणि कोर्स संपल्यावर एकदम आले. त्यातून मुकादमाची बाकी फेडली. कोपीत सोबत बायको, दोन लेकरं आणि म्हातारी, सगळे एका ताडपत्रीखाली. त्यांची तपासणी झाली, 'काही नाही' म्हणून मोकळं केलं. वजन कुणी केलं नाही. बायकोकडे बघून मला तो ३४ चा आकडाच आठवत होता.

रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, तेही कार्ड गावी आणि माणूस फडात. डाळ सणासुदीला, 'आनंदाचा शिधा' आला तर. झारखंडमध्ये जे दिलं त्यात नवीन काय होतं सांगा. तांदूळ आपल्या गोदामात आहे. डाळ तर मराठवाड्यातच पिकते, तूर-हरभऱ्याचा भाव पडला की आपणच रस्त्यावर ओततो.

'टीबीमुक्त ग्रामपंचायत'चे फलक आता बऱ्याच गावांत लागतायत. मोहीम २०२३ पासून आहे. तपासण्या किती झाल्या, रुग्ण किती, बरे किती, पोषणाचे पैसे मिळाले का, हे त्यात बघतात. यंदा टोळ्या जायच्या आधीच्या ग्रामसभेत आणखी दोन गोष्टी विचारून बघा. ज्या घरात गेल्या दोन वर्षांत टीबी निघाला त्या घरात माणसं किती, आणि त्यांचं वजन किती. ग्रामसेवक म्हणतील ही माहिती आमच्याकडे नसते. घरांची यादी आशाताईंकडे असते, आणि वजनकाटा उपकेंद्रात आहे.