दमणीपासून ऑक्टेव्हियापर्यंत : वेगाच्या किमतीचा इतिहास

मराठीत 'किंमत' आणि 'मोल' हे दोन शब्द शेजारीशेजारी नांदतात. किंमत अरबीतून फारसीच्या वाटेने आली, मोल हे संस्कृत 'मूल्या'चे घरगुती रूप. तिसरा 'दाम' तर द्रम्माच्या मार्गाने थेट ग्रीकांच्या द्राख्मेपर्यंत जाऊन पोचतो. अर्थ एकच असता तर भाषेने तीन शब्द सांभाळले नसते. 'मोलाची मदत' आपण म्हणतो, 'किमतीची मदत' कोणी म्हणत नाही. उलट 'किमती' दागिना चोरीला जातो, 'अनमोल' दागिना बहुधा आजीचा असतो. एखादी आलिशान, वेगवान मोटार तिच्या जादा पैशांच्या लायकीची आहे काय, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो या दोन शब्दांमधल्या अंतराचा प्रश्न आहे, आणि या अंतराला आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी मोटारींच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. वस्तूंना समाजात कोणते अर्थ चिकटतात हे पाहणे आपल्या कामाबाहेरचे नाही, एवढेच त्यावर सांगता येईल.

पुसदसारख्या गावातून हा इतिहास पाहण्यात एक सोय आहे. पूस नदीकाठचे, चहूबाजूंनी डोंगर असलेले हे तालुक्याचे ठिकाण १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होते. तो जिल्हा मोडल्यावर ते यवतमाळकडे आले. कापसाच्या पैशावर वऱ्हाडात रेल्वे आली, मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची 'शकुंतला' धावली, परंतु पुसदपर्यंत रूळ पोचले नाहीत. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड या मार्गाचे काम हाती घेतले गेले ते एकविसाव्या शतकात. तेव्हा येथे प्रवासाचा अर्थ रस्त्यावरचा प्रवास असाच होता. बैलगाडी, मग सर्व्हिस मोटार, मग एस. टी., आणि ज्यांना शक्य होते त्यांना स्वतःचे वाहन. वाहनाच्या बऱ्यावाईटाची चर्चा अशा गावात फावल्या वेळची नसते.

बैलगाड्यांतही प्रतवारी होती, हे आज विसरले जाते. शेतमाल वाहणारी बंडी वेगळी आणि माणसे नेणारी हलकी, ऐटबाज दमणी वेगळी. दमणीला जुंपायची जोडी नांगराला जुंपायची नाही, असा दंडक सधन घरांतून पाळला जाई. केवळ उपयोगाच्या तराजूत पाहिले तर हा शुद्ध तोटा होता: जे जनावर शेतात राबत नाही त्याला सरकी-ढेप अधिक घालायची! शंकरपटाची जोडी तर त्याहून पलीकडची. हलका छकडा, त्यावर एक धुरकरी आणि काही सेकंदांची धाव. त्या काही सेकंदांसाठी शेतकरी वर्षभर खुराक घालतो आणि नाव झालेल्या जोडीसाठी साध्या बैलांच्या कितीतरी पट रक्कम मोजतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. बंदीच्या मधल्या वर्षांत पटाच्या जोडीचा व्यावहारिक उपयोग शून्य होता, तरीही अनेकांनी ती विकली नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाचा सिद्धान्त मांडला. त्या सिद्धान्तात पटाची जोडी निम्मीच बसते. उरलेल्या निम्म्या भागात जनावराविषयीची माया आणि वेगाचा निखळ आनंद आहे. व्हेब्लेनला तो दिसला नाही, किंवा दिसला तरी त्याने तो मोजला नाही. वेगवान मोटारीचा विचार करतानाही हा निम्मा भाग वगळू नये, असे आम्हांस वाटते.

(वर्ध्याकडची एक गोष्ट सांगितली जाते. जमनालाल बजाजांची जुनी फोर्ड मोटार नादुरुस्त झाली तेव्हा तिला बैल जुंपण्यात आले आणि त्या वाहनाचे नाव पडले 'ऑक्स-फोर्ड'. उपयोग आणि प्रतिष्ठा यांचा इतका विनोदी समेट पुन्हा झाला नाही.)

मोटारींचा उद्योग मुंबईत आला तो परदेशी कंपन्यांच्या जुळणीच्या कारखान्यांतून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी सुरू केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. १९५० च्या दशकात सरकारी धोरणामुळे नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला. मग पुढची तीस वर्षे आपल्यापुढे निवड राहिली ती प्रामुख्याने अँबेसेडर की फियाट एवढीच. या काळाचे अर्थशास्त्र मोठे मजेदार आहे. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, आणि हातात आलेली गाडी दुसऱ्याच दिवशी 'ऑन' घेऊन विकता येई. वापरलेली वस्तू नव्याहून महाग, हा चमत्कार टंचाईच घडवू शकते. अशा बाजारात 'जादा किंमत योग्य आहे का' हा प्रश्न मुळी उद्भवतच नाही. मिळाली हेच मोल.

याच काळात पुसदचे नाव महाराष्ट्रभर झाले. जवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ एवढा प्रदीर्घ काळ मुख्यमंत्री होते. पुढे १९९१ ते १९९३ सुधाकरराव नाईक. पांढरी अँबेसेडर आणि तिच्या टपावरचा दिवा हे दृश्य या भागाला अन्य तालुक्यांपेक्षा अधिक परिचयाचे झाले. त्या गाडीत आलिशान असे काहीच नव्हते. सत्ता गाडीत नव्हती, दिव्यात होती. दिव्याची किंमत नगण्य, मोल अफाट. १ मे २०१७ पासून तो दिवाही गेला. अँबेसेडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते.

१९८० च्या दशकात बाजाराला पहिल्यांदा तडे गेले आणि 'जादा किमतीची गाडी' नावाचा प्रकार जन्माला आला. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या ग्राहकाला सर्वाधिक धडे या दशकात मिळतात. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा आणली. देह ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉलचा, लांबरुंद, देखणा. पण आत सुरुवातीला अँबेसेडरचेच दीड लिटरचे इंजिन, आणि जड देहाला ते पुरेना. दशकाच्या अखेरीस जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले तेव्हा कुठे गाडीला जीव आला. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली: देह इटलीचा, इंजिन निस्सानचे. त्याच वर्षी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने स्टँडर्ड २००० बाजारात उतरवली. ती ब्रिटिश रोव्हर एसडी-१ ची भारतीय आवृत्ती होती. मूळ रोव्हरमध्ये साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन मिळे. भारतीय गाडीत जुन्या व्हॅनगार्डचे दोन लिटरचे इंजिन घातले गेले. गाडी महाग होती आणि काही वर्षांतच बंद पडली. आम्हांला ही तीन उदाहरणे एखाद्या भाषांतरित नाटकासारखी वाटतात, ज्याचा नेपथ्यविभाग उत्तम आहे आणि संहिता जुनीच आहे. ग्राहकाने पैसे मोजले रूपाचे. कामगिरी त्यात आलीच नव्हती, तेव्हा तेथे जादा किंमत वाया गेली असेच म्हणावे लागेल. तथापि एक भेद करायला हवा: इसुझूचे इंजिन आल्यानंतरची काँटेसा हा वेगळा सौदा होता. नाव तेच, वस्तू दुसरी. इतिहासकाराला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही आवृत्ती तपासण्याची सवय असावी.

उदारीकरणानंतर दृश्य पालटले ते प्रामुख्याने महाराष्ट्राच्या भूमीवर. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये पुण्यात कंपनी स्थापून पुढच्या वर्षी येथे जुळलेली पहिली गाडी बाहेर काढली. २००९ मध्ये चाकणचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. स्कोडा २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला आली. (२०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे.) शेंद्र्याच्या ऑक्टेव्हियात बहुतेकांना परिचयाचे होते ते १.९ लिटरचे, ९० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. २००४ मध्ये तिचीच आरएस आवृत्ती आली, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. बाहेरून जवळजवळ तीच गाडी, आत दीडपटीहून अधिक जोर. आपला प्रश्न शुद्ध स्वरूपात आपल्यापुढे उभा राहिला तो येथे. काँटेसात देह नवा आणि हृदय जुने होते. येथे नेमके उलटे.

२०१७ चे आकडे घेऊ, म्हणजे हिशेब नीट मांडता येईल. त्या वर्षी ऑक्टेव्हिया १५ लाख ४९ हजारांपासून मिळत होती, आरएस २३० ची किंमत होती २४ लाख ६२ हजार. दोन्ही रस्ताकर-विमा वगळता. फरक ९ लाख १३ हजारांचा. जोर १५० ऐवजी २३०. थांबलेल्या अवस्थेतून शंभरचा वेग गाठायला कंपनीच्या दाव्यानुसार आरएसला सात सेकंदांहून थोडे कमी लागत. साध्या गाडीपेक्षा वाचायचे ते सेकंद-दीड सेकंद. म्हणजे सेकंदाला सहा ते नऊ लाखांच्या घरात. अर्थात ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. सर्वांत स्वस्त आवृत्तीत नसलेली स्वयंचलित गिअरपेटी, मोठे ब्रेक, वळणावर चाकांना आवर घालणारी व्यवस्था हे सारे त्या नऊ लाखांत होते. मधल्या दर्जाच्या आवृत्तीशी तोलले तर फरक पुष्कळ खाली येतो. जाहिरात पहिली तुलना टाळते, टीकाकार दुसरी टाळतात.

आता २०१० चा ऑक्टोबर. औरंगाबादच्या सुमारे दीडशे व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या. एकूण रक्कम ६५ कोटींच्या आसपास, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. मागासलेल्या विभागातले शहर म्हणून जी ओळख होती ती पुसावी, औरंगाबादचे नाव गुंतवणूकदारांच्या नजरेत यावे, हा हेतू खरेदीदारांनी लपवला नव्हता. येथे गाडी हे वाहन राहिले नाही, ते शहराचे निवेदन झाले. आणि त्या अर्थाने पैसे वसूल झालेही: बातमी देशभर गेली. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दुसरी बाजू मांडली. या खरेदीसाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज दिले ते ७ टक्के दराने, आणि त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बरेच चढे व्याज भरावे लागत होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला हे वाक्य केवळ आकडेवारी म्हणून वाचता येत नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यांत यवतमाळ होते. मधे चार वर्षेच गेली होती. खरेदीदारांनी कायद्याबाहेर काही केले नाही. घाऊक सौद्यात व्याज कमी पडते हा व्यापाराचा नियमच आहे. पण किंमत योग्य आहे का हे ठरवताना त्या किमतीचा एक भाग कोणी स्वस्त करून दिला, हेही विचारले पाहिजे. ४३ लाखांची गाडी ७ टक्क्यांनी आणि तीच गाडी ट्रॅक्टरच्या व्याजाने, या दोन वेगळ्या किमती आहेत. मराठी वर्तमानपत्रांत दीडशे गाड्यांची छायाचित्रे झळकली, व्याजाच्या दरावर तेवढी शाई खर्ची पडली नाही, ही खंत नोंदवून ठेवतो.

राहता राहिला आजचा निर्णय. २००४ मध्ये महाग मोटारीच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद होता: जीव वाचवणाऱ्या गोष्टी वरच्या गाड्यांतच मिळत. चाके न अडकू देणारे ब्रेक, हवेच्या पिशव्या, भक्कम सांगाडा. स्वस्त गाडी घेणारा यांना मुकत असे. तो युक्तिवाद कायद्याने हळूहळू खालसा केला. २०१९ पासून असे ब्रेक आणि चालकासमोरची पिशवी सर्व गाड्यांना सक्तीची झाली, शेजारच्या आसनासाठी ती २०२१ मध्ये आली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारतातच धडक-चाचणीचे तारे मिळू लागले. टर्बो इंजिनेही आता दहा-बारा लाखांच्या गाडीत असतात. तेव्हा जादा किमतीत पूर्वी जे सामावलेले होते त्यातले पुष्कळसे खाली झिरपले. वर उरले ते दोन पदार्थ, वेग आणि नाव. आणि वेगाला रस्ता लागतो. वाशीम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, जो २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, मोटारीची कमाल मर्यादा १२० ची आहे. ती मर्यादा आठ लाखांची गाडीही गाठते. पुसदहून तिथवर जायचे तर डोंगरातली वळणे, गावागावांतले गतिरोधक आणि हंगामात कापसाने, उसाने भरलेल्या ट्रॉल्या. बुटक्या गाडीचे पोट प्रत्येक गतिरोधकावर मालकाची परीक्षा पाहते.

हिशेब असा स्पष्ट असूनही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्कोडाने परदेशातून तयार आणलेल्या शंभर ऑक्टेव्हिया आरएस विक्रीस काढल्या तेव्हा किंमत जाहीर होण्यापूर्वीच सगळ्यांची नोंदणी होऊन गेली. किंमत नंतर कळली: ४९ लाख ९९ हजार. पटाची जोडी बंदीतही न विकणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही, मात्र तो जोडी कर्जावर घेत नाही. ज्याला स्टिअरिंग हातात असण्याचा खरा आनंद आहे आणि ज्याची रक्कम कोणाच्या शिक्षणाची वा उपचारांची नाही, त्याच्याशी वाद घालण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. हप्त्यांवर घेणाऱ्या नोकरदाराने मात्र एक करावे: अशी गाडी चार-पाच वर्षांनी जुन्या बाजारात किती खाली येते ते आधी पाहावे, आणि तिचे अधिकृत दुरुस्ती केंद्र आपल्या गावापासून किती अंतरावर आहे तेही. पुसदला राहणाऱ्याने दुसरी चौकशी पहिल्या दिवशीच करावी.