'बाकीचे'

चारठाण्यात आमचे एकच ख्रिस्ती घर होते. वडील शिक्षक. आम्ही मूळचे श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या बाजूचे, जिथे सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. नोकरीने आम्हांला परभणी जिल्ह्यातल्या या जुन्या गावात आणून टाकले. गावात हेमाडपंती देवळे, पायऱ्यांची बारव आणि एक उंच, कोरीव दगडी स्तंभ. त्याला कोणी दीपमाळ म्हणे, कोणी मानस्तंभ. मानस्तंभ हा शब्द जैनांचा. स्तंभ नक्की कोणाचा यावरून गावात भांडण झाल्याचे मात्र मला आठवत नाही.

भांडण व्हायचे ते क्रिकेटवरून. संध्याकाळी दोन मोठी मुले आळीपाळीने गडी निवडत. चांगले खेळणारे आधी जात, मग त्यांचे भाऊ, मग शेजारी. शेवटी दोघे-तिघे उरत, त्यांत मी हमखास असे. "बाकीचे चेंडू आणायला," असे ठरून जाई. एकदा मी रडत घरी आलो, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, बाकीच्यांचाही एक संघ होता. आणि त्यातल्या एका माणसाने एकट्याने तीनशे धावा काढल्या होत्या." मला वाटले, समजूत घालण्यासाठी गोष्ट रचली. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळले की आकडा 309 होता.

आज अनेकांना ऐकूनही खरे वाटणार नाही, पण मुंबईत एके काळी धर्माच्या नावाने संघ उतरत. 1892 मध्ये पारशी आणि युरोपियन यांच्यात सामने सुरू झाले. 1907 मध्ये हिंदू आले, 1912 मध्ये मुस्लिम आणि 1937 मध्ये पाचवा संघ. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा सगळ्यांना एकत्र करून त्याला नाव दिले 'द रेस्ट', म्हणजे बाकीचे. ज्याने नाव ठेवले त्याला त्यात काही वावगे वाटले नसणार. पण स्वतः त्या यादीत असलेल्या माणसाला ते लागते.

1943 च्या डिसेंबरात या बाकीच्यांची अंतिम सामन्यात हिंदू संघाशी गाठ पडली. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. बाकीचे 133 मध्ये गारद. दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे खेळायला आले आणि खेळतच राहिले. भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी 300 धावांची भागी केली, त्यात विवेक यांचा वाटा 21 धावांचा! संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या. सामना डावाने गेला तो गेलाच. पण वडील ही गोष्ट सांगत तेव्हा निकाल कधीच सांगत नसत. तो मला पुस्तकातून कळला. हजारे मराठी ख्रिस्ती होते. त्यांचा पंथ कोणता, हे आमच्या कॅथलिक घरात कोणी विचारले नाही.

ज्यांच्या संघाला नाव होते, तेही आतून एकसंध नव्हते. पळवणकर बाळू हे हिंदू संघाचे मोठे गोलंदाज, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे. पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. मैदानावर हिंदू, चहाच्या वेळी बाकीचे. 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले, त्यासाठी फार झगडावे लागले.

1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची माणसे गांधीजींना भेटायला वर्ध्याला गेली. देशात सत्याग्रह चालू, पुढारी तुरुंगात, अशा वेळी सामने खेळावेत का, असा प्रश्न होता. गांधीजींनी सामन्यांना नापसंती तर दर्शवलीच, पण पुढे जाऊन धर्मावर संघ का पाडता, असाही सवाल केला. कॉलेजांचे, संस्थांचे संघ त्यांना समजत होते; हिंदू, पारशी, मुस्लिम हे संघ समजत नव्हते. तरीही सामने चालू राहिले, गर्दी वाढत राहिली. 1944 च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदूंना एका गड्याने हरवले. 1946 मध्ये मात्र ही स्पर्धा कायमची बंद झाली.

यावर आमच्या घरी वाद होई. मी गांधीजींच्या बाजूचा. वडील म्हणत, "बंद झाली ते बरेच झाले. पण त्या मैदानावर आपल्या माणसाला आपले म्हणून टाळ्या मिळाल्या, हे विसरू नकोस." मी म्हणे, टाळ्या वाजवणारे सगळे काही आपले नव्हते. "म्हणूनच तर सांगतो," ते म्हणत. या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा लागला, तोवर ते गेले होते.

1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, इंग्लंडवर, एका डावाने. कप्तान हजारे. विनू मंकड यांनी 12 बळी घेतले. नाबाद 130 काढणारे पॉली उम्रीगर पारशी, लहानपण सोलापुरात गेलेले. दुसऱ्या डावात चार बळी घेणारे गुलाम अहमद हैदराबादचे, आणि तेव्हा चारठाणाही हैदराबाद राज्यातच होते. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत हे लोक चार वेगवेगळ्या संघांत वाटले गेले असते.

मे 2025 मध्ये लिओ चौदावे पोप झाले. सज्जात आल्यावर त्यांचे पहिले शब्द शांतीचे होते. ते स्वतः टेनिस खेळतात, आणि जूनमध्ये रोमला खेळाडूंसाठी खास मिस्सा झाली. व्हॅटिकनचा तर क्रिकेट संघही आहे. 2014 मध्ये तो इंग्लंडला अँग्लिकन चर्चच्या संघाशी खेळला आणि हरला. पुढच्या वर्षी यॉर्कशरचा एक मुस्लिम संघ त्यांच्याशी खेळायला रोमला गेला. पोपच्या त्या संघात भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतले तरुण एकाच बाजूने खेळतात. 2025 च्या सप्टेंबरात दुबईत भारत-पाकिस्तान सामन्यानंतर हस्तांदोलन झाले नाही, ते दृश्य मी टीव्हीवर पाहिले तेव्हा मला हा संघ आठवला. दोन देशांमधले रक्त खरे आहे, दुःख खरे आहे, ते मी कमी लेखत नाही. तरी टीव्ही बंद केल्यावर बराच वेळ झोप आली नाही.

त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 केल्या आणि रडत रडत येशूचे आभार मानले. काहींनी नाक मुरडले. पण त्या रात्री स्टेडियमभर ज्या टाळ्या वाजल्या, त्यांत वडिलांचे "म्हणूनच तर सांगतो" मला ऐकू आले.

मध्यंतरी चारठाण्याला गेलो होतो. मुले खेळत होती, रबरी चेंडू, विटांच्या यष्टी. नऊ जण होते. चार-चार वाटून झाल्यावर एक बारका मुलगा उरला. मी विचारले, याचे काय? कप्तानाने माझ्याकडे पाहिले, जणू एवढेही कळत नाही. "हा कॉमन आहे काका. दोन्हीकडून खेळतो." तो बारका पहिल्या संघाकडून दुसऱ्याच चेंडूवर बाद झाला, आणि बॅट न सोडता तिथेच बसून दुसऱ्या संघाच्या डावाची वाट पाहू लागला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)