बारा सुरुंगांची पाणबुडी

आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात घरातल्या कर्त्या पुरुषाची चौकशी केली की पुष्कळदा एकाच शब्दात उत्तर यायचं : ‘बोटीवर’. कुणाचे अब्बा बोटीवर, कुणाचे चाचा बोटीवर. इंग्रजांच्या काळात पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर कामांची वाटणी जणू ठरलेलीच होती. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, खाली भट्टीवर कोळसा टाकायला पंजाबी आणि पठाण, जेवणघरात वाढायला गोव्याचे ख्रिस्ती. अशीच एक बोट १९१६ साली लंडनहून मुंबईला यायला निघाली आणि एका दिवसात बुडाली. तिला बुडवलं ते एका इवल्याशा जर्मन पाणबुडीने, आणि तेही तिच्याकडे न बघता. आज मला सांगायचं आहे ते या पाणबुडीविषयी.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर काही महिन्यांतच, म्हणजे १९१४च्या ऑक्टोबरमध्ये, बेल्जियमचा किनारा जर्मनांच्या ताब्यात आला. ओस्टेंड आणि झेब्रुग ही बंदरं आणि कालव्याने झेब्रुगला जोडलेलं ब्रुज हे जुनं शहर. इथून लंडनच्या थेम्स नदीचं मुख आणि डोव्हरची सामुद्रधुनी एका रात्रीच्या टप्प्यात होती. इंग्लंडचा सगळा व्यापार त्याच अरुंद पाण्यातून जाई. पण समुद्राच्या पृष्ठभागावर इंग्रजी आरमाराचा पहारा. तेव्हा पाण्याखालून जाऊन इंग्रजांच्या दारातच सुरुंग पेरून यायचं, अशी कल्पना निघाली. मोठ्या पाणबुड्या बांधायला वेळ लागणार होता. म्हणून लहानात लहान, स्वस्तात स्वस्त आणि गरज पडली तर तुकडे करून रेल्वेने नेता येईल अशी पाणबुडी आखली गेली. हिचं नाव ‘यूसी’ वर्ग. पहिल्या खेपेला हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनच्या गोद्यांत अशा १५ पाणबुड्या तयार झाल्या. त्यातल्या काही खरोखरच रेल्वेने एड्रियाटिक समुद्रावरच्या पोला बंदरात नेऊन जोडण्यात आल्या.

या पाणबुडीचा आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. लांबी सुमारे ३४ मीटर, म्हणजे आपल्या तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी. रुंदी तीन मीटरच्या थोडी वर. आत १४ माणसं. डिझेलचं एकच इंजिन, तेही ९० अश्वशक्तीचं. पाण्यावर तिचा वेग ताशी सहा सागरी मैलांच्या आसपास आणि पाण्याखाली पाचाच्या. सायकलवाला सहज मागे टाकील असा. डोव्हरच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा ओढ जोराचा असतो. तो उलटा लागला तर ही बिचारी जागच्या जागी धापा टाकत राही. तिच्याजवळ टॉर्पेडो नव्हता, तोफही नव्हती. एक मशीनगन होती, बस. कुणी गाठलं तर लढायची सोय नाही आणि पळायचीही नाही.

तिचं खरं हत्यार पोटात होतं. पुढच्या भागात तिरक्या बसवलेल्या सहा रुंद नळ्या आणि प्रत्येक नळीत दोन, असे बारा पाणसुरुंग. या नळ्या वरून आणि खालून उघड्या, त्यामुळे सुरुंग समुद्राच्या पाण्यातच राहत. एकदा बंदरातून निघालं की त्यांना हात लावता येत नसे. सुरुंग पाण्याखाली किती खोल राहावा, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावं लागे. ठरल्या जागी पोचलं की नळीच्या खालच्या तोंडातून एकेक सुरुंग सोडायचा. सुरुंग आपल्या लोखंडी नांगरासकट तळाशी जाऊन बसे. त्याला एक विरघळणारा अडसर लावलेला असे. पाण्यात तो हळूहळू विरघळे, तेवढ्या अवधीत पाणबुडीने दूर निघून जायचं. मग सुरुंग सुटून दोराच्या लांबीइतका वर येई आणि लाटांखाली तरंगत राही. त्याच्या अंगावर मऊ शिशाची शिंगं असत आणि प्रत्येक शिंगात आम्लाची काचेची नळी. जहाजाचा धक्का बसला की शिंग वाके, काच फुटे, आम्ल ओघळून वीज तयार होई आणि स्फोट होई.

पण अडसर वेळेआधीच विरघळला तर? तर सुरुंग सोडणाऱ्याच्याच पोटाखाली वर येई. तसंही घडलं. १९१६च्या मार्चमध्ये इटलीतल्या तारांतो बंदराबाहेर यूसी-१२ स्वतःच्याच सुरुंगाने फुटली. इटलीच्या पाणबुड्यांनी, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी, खाली जाऊन पाहिलं तर ती जर्मन निघाली. त्या वेळी इटलीचं युद्ध ऑस्ट्रियाशी होतं. जर्मनीशी तिने ते पुकारलं पुढे ऑगस्टमध्ये!

इंग्रजांना या प्रकाराचा पत्ता लागला तोही अपघातानेच. १९१५च्या उन्हाळ्यात त्यांच्या किनाऱ्याजवळ सुरुंग सापडू लागले होते, पण ते पेरणारं जहाज कुणाच्या दृष्टीस पडत नव्हतं. २ जुलैला यारमथजवळ ‘कॉटिंगहॅम’ नावाची एक लहानशी मालबोट पाण्यातल्या कशावर तरी घासली. शोध घेतला तेव्हा तळाशी यूसी-२ मिळाली आणि तिच्या त्या नळ्या पाहून सगळा उलगडा झाला.

आता यूसी-६ विषयी. १९१५च्या जूनमध्ये ती आरमारात दाखल झाली. कप्तान होता काउंट मथियास फॉन श्मेटो. तिने पेरलेल्या सुरुंगांपैकी काही डोव्हरसमोर दोनेक मैलांवर पाण्यात उभे होते. २७ फेब्रुवारी १९१६, रविवार. सकाळचे साडेदहा. ‘मालोया’ ही १२,४३१ टनांची बोट आदल्या दिवशी टिलबरीहून निघून मुंबईच्या वाटेवर होती. प्रवाशांत बायका होत्या, मुलं होती. खलाशी बहुतेक आपल्याकडचे. स्फोट झाला. कप्तानाने बोट थांबावी म्हणून इंजिनं उलटी फिरवायचा हुकूम दिला. ती उलटी फिरू लागली खरी, पण इंजिनघरात पाणी भरलं आणि मग ती बंदच करता येईनात. कलंडलेली बोट मागे मागे धावत राहिली. त्यामुळे मदतीला आलेल्या बोटींना जवळ येता येईना आणि होड्याही धड उतरवता येईनात. पाठोपाठ येणारं ‘एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम’ हे कोळशाचं जहाज मदतीला धावलं, तर तेही सुरुंगावर जाऊन बुडालं. त्यावरचे लोक वाचले. ‘मालोया’ मात्र २४ मिनिटांत तळाला गेली. १५५ माणसं मेली. किनारा समोर दिसत होता, पण फेब्रुवारीतलं ते पाणी इतकं गार की पुष्कळांचा जीव थंडीनेच घेतला. सापडलेल्यांपैकी काही खलाशांना डोव्हरच्या दफनभूमीत पुरलं.

टॉर्पेडो सोडणारा निदान समोरचं जहाज बघतो. सुरुंग पेरणाऱ्याला तेवढंही बघावं लागत नाही. ‘मालोया’ बुडाली तेव्हा आपण कुणाला मारलं, हे श्मेटोला कळण्याचं कारण नव्हतं. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, यूसी-२६ या दुसऱ्या पाणबुडीवर असताना ‘मिल्न’ या इंग्रजी विनाशिकेने तिला धडक दिली आणि तो बुडून मेला. यूसी-६ने पन्नासहून अधिक जहाजं बुडवली. १९१७च्या सप्टेंबर अखेरीस थेम्सच्या मुखाबाहेर केंटिश नॉकजवळ इंग्रजांनी सुरुंग बांधून सोडलेल्या जाळ्यात ती सापडली. आतलं एकही माणूस वाचलं नाही. सुरुंग पेरणारी सुरुंगानेच गेली. युद्ध संपलं तेव्हा त्या १५ पैकी एकही पाणबुडी जर्मनीच्या हाती उरली नव्हती.

दोन्ही बाजूंच्या वह्यांत या साऱ्याचा हिशेब आहे, तो टनांत. मला बरेच दिवस वाटायचं की टन म्हणजे वजन. पण व्यापारी जहाजाचा हा टन वजनाचा नसतो. शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन. म्हणजे युद्धाच्या वहीत मोजली गेली ती जहाजाच्या पोटातली जागा. त्या जागेत कोण उभं होतं, हे त्या वहीत नाही.

जर्मनीत कीलजवळ म्योल्टेनॉर्ट इथे पाणबुड्यांवर मेलेल्यांची नावं ब्राँझच्या पाट्यांवर कोरली आहेत. यूसी-६च्या माणसांच्या घरच्यांना निदान तिथे बोट ठेवता येतं. आपल्या खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या दोन हजारांहून अधिक खलाशांची आठवण तिथे जपली आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो वयाच्या पन्नाशीनंतर. त्याआधी कितीतरी वर्षं लोकलने त्या स्टेशनवरून ये-जा केली होती. बाहेर मसाल्याच्या आणि सुक्या मेव्याच्या गोण्या घेऊन हातगाड्या चालल्या होत्या. आत शांत होतं.

आमच्यात मेलेल्या माणसासाठी कबरीशी उभं राहून फातेहा पढतात. ज्यांना कबरच नाही त्यांच्यासाठी कुठे उभं राहायचं, हा प्रश्न आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना पडला असेल. ‘बोटीवर’ हे उत्तर त्यांनी मरेपर्यंत बदललं नाही. मी मस्जिद बंदरला उभा राहून फातेहा पढलो. पढताना यूसी-६मधली ती माणसंही मनात आली. त्यांनाही मी वगळलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)