मुंबई ते जेद्दा : आठवड्याचा प्रवास आता साडेपाच तासांत

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर साधारण ३,५०० किलोमीटर. विमानाला सुमारे साडेपाच तास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे सकाळी नऊला निघालेला हाजी तिथल्या बाराला पोहोचतो.

मुघल लाइनच्या जहाजांना याच प्रवासाला आठवडा, कधी त्याहून अधिक लागे. त्याआधीचे हाल वेगळेच. पटकीची साथ पसरू नये म्हणून उस्मानी सरकारने १८८२ मध्ये तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर क्वारंटाइन सुरू केले. यात्रेकरूंना तिथे उतरवून थांबवून ठेवत. पुढे यलमलमच्या समोर जहाज आले की सगळे इहराम बांधत.

१९९५ मध्ये मुंबईहून हजची जहाजे बंद झाली. वृद्ध, आजारी लोकांची सोय झाली, हे मान्यच. पण जहाजावर मसाइल शिकायला, मनाची तयारी करायला दिवस मिळत. निघताना हाजी घरोघरी जाऊन ‘कहा-सुना माफ’ म्हणत, कारण परत येण्याची खात्री नसे. आज तोच निरोप व्हॉट्सॲपवर जातो. प्रवास पाच तासांचा झाला, तरी रुसलेल्या भावाच्या दारापर्यंत पायीच जायला हवे.